चाळीस फुटांची अट

"पण हा दांडा लाल केला कुणी?"

दस्तगीरचाचांनी लॅपटॉपवरच्या आलेखाला बोट न लावता, दुरूनच विचारलं.

"कुणी नाही, चाचा. अटीनं केला."

"अटीनं..."

"हो. पाणी चाळीस फूट किंवा त्याच्या वर असेल तर दांडा लाल. खाली असेल तर करडा. आपोआप होतं. मी हातानं एकही रंग भरलेला नाही."

हे सांगताना सारंग पाटणे जरा सरसावून बसला. दर्ग्याच्या ओट्यावर कडुनिंबाची सावली होती, मांडीवर लॅपटॉप होता, आणि आपल्या गुरूला काहीतरी नवं दाखवायचा हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग होता.

दस्तगीर मुजावरांनी चौतीस वर्षं नदीचं पाणी मोजलं. बेलथळच्या पुलाखाली मोजपट्टी होती. त्यावरचा आकडा एरवी दिवसातून तीन वेळा, पुरात दर तासाला वाचायचा आणि वहीत लिहायचा, एवढीच त्यांची नोकरी. निवृत्तीनंतर नदीकाठच्या पीराची झाडलोट त्यांच्याकडे आली. ते त्यांच्या घराण्याचंच काम होतं.

सारंग सात वर्षांपूर्वी, कॉलेज सुटल्या-सुटल्या, त्यांच्या हाताखाली आठ महिने होता. पहिल्याच दिवशी त्यानं काठावर उभं राहून आकडा सांगितला, तेव्हा चाचांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं होतं. डोळा पाण्याच्या रेषेत आला आणि आकडा अर्ध्या फुटानं बदलला होता. त्या दिवसापासून तो त्यांना गुरू मानायचा. तसं बोलून मात्र कधी दाखवलं नव्हतं.

आता तो तालुक्याच्या आपत्ती कक्षात आकडेवारी सांभाळायचा. नोकरी कंत्राटी होती, टेबल जिन्याखाली होतं. कायम नोकरीतले इंजिनिअर त्याला नावानं हाक मारत नसत. "ए कॉम्प्युटर, जरा प्रिंट काढ," असं म्हणत.

परवा प्रांत मॅडमसमोर बैठक होती. नदीकाठची एकोणीस गावं आणि बोटी चार. पूर आला तर बोट कुठल्या गावी आधी उभी करायची, माणसं कुठली आधी हलवायची, हे त्या बैठकीत ठरणार होतं. आणि ते सारंगच्या आलेखावरून ठरणार होतं.

"इंजिनिअर लोकांनाही हे जमलं नाही, चाचा," तो म्हणाला. "तक्त्यातल्या चौकटींना अट लावता येते. चौकट लगेच रंगते. पण आलेखातले दांडे अट ऐकत नाहीत. मग मी एक युक्ती केली."

"कसली?"

"एकेका गावाचे दोन-दोन दांडे केले. एक लाल, एक करडा. आकडा अटीत बसला तर तो लाल दांड्याला द्यायचा आणि करडा रिकामा ठेवायचा. नाही बसला तर उलट. मग दोन्ही एकमेकांवर बरोब्बर बसवले. बघणाऱ्याला एकच दांडा दिसतो."

चाचा पडद्याकडे बघत राहिले.

"म्हंजे प्रत्येक गावाला लाल दांडा हाय."

"आहे, पण दिसत नाही. त्याची उंची शून्य असते."

"हाय, पण दिसत न्हाई..."

सारंगला वाटलं, म्हाताऱ्याला युक्ती कळली. तो खूश झाला.

"बेलथळचा कुठला रं?"

सारंगनं बोट ठेवलं. डावीकडून अकरावा दांडा. गेल्या दहा वर्षांत तिथं चढलेलं सगळ्यात जास्त पाणी साडेएकोणचाळीस फूट होतं. दांडा करडा होता.

"अर्ध्या फुटानं वाचलं तुमचं गाव," सारंग हसून म्हणाला.

चाचा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी बाजूची काठी उचलली आणि ओट्यावरून खाली उतरले.

"ते बंद कर. चल."

"कुठं?"

"वाचलेलं गाव बघायला."

*

बेलथळला वरची आळी आहे, मधली आळी आहे आणि नदीच्या अंगाला उतरत गेलेली कोळ्यांची गल्ली आहे. पुलावरून जाणाऱ्याला ही गल्ली दिसत नाही. सारंग आठ महिने या गावात होता, पण तिकडं कधी वळला नव्हता. चाचा काठी टेकत पुढं चालले होते, तो मागं.

गल्लीच्या तोंडाशी चाचा थांबले. तिथून पुलाचा खांब दिसत होता. त्यावर आडवा लाल पट्टा होता, उन्हानं फिका पडलेला.

"ती लाल रेघ कुणी मारली, ठाव हाय?"

"खात्यानं मारली असेल."

"मी मारली. कंबरभर पाण्यात उभा होतो, हातात रंगाचा डबा. वर रस्त्यावर साहेब जीपजवळ. मी विचारलं, साहेब, धोका कुठं लिहू? साहेबांनी रस्त्याकडं बघितलं. म्हणाले, पाणी रस्त्याला लागलं की जीप जाणार न्हाई. रस्ता चाळीसवर हाय. तिथं मार."

सारंग त्या फिक्या पट्ट्याकडे बघत राहिला.

"साहेब वाईट न्हवते. भला माणूस. मला थंडी वाजत हुती म्हणून त्यांनी आपला कोट दिला. मागनं बाकीच्या गावांनाबी तोच आकडा लागला. ध्यानात ठेवायला सोपा."

चाचा पुन्हा चालू लागले.

गल्लीतलं सगळ्यात खालचं घर तानूबाई कोळेकरांचं. दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, दारात वाळत घातलेल्या मिरच्या. तानूबाई सत्तरीच्या पुढच्या. कमरेतून अशा वाकलेल्या, की माणसाशी बोलताना मान वर करून, डोळे ताणून बघायच्या.

"या मुजावरभाऊ. ह्यो कोण?"

"माझा शिष्य. सारंग. सरकारात हाय."

शिष्य हा शब्द चाचांच्या तोंडून त्यानं पहिल्यांदाच ऐकला. खरं म्हणजे त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याची नजर घरातल्या भिंतीवर गेली होती. पांढऱ्या चुन्यावर एक तपकिरी रेघ चारही भिंतींवरून फिरली होती. वर दोनदा चुना लावूनही ती खालून उमटली होती.

"सारंगा, भिंतीला पाठ लावून उभा ऱ्हा."

तो उभा राहिला. चाचांनी काठी आडवी धरली आणि रेघेच्या उंचीला आणली. काठी सारंगच्या कमरेला लागली.

"आता तू सरक. तानूबाई, जरा या इकडं."

"आता हे काय काढलंत?" म्हणत तानूबाई आल्या आणि त्याच जागी उभ्या राहिल्या.

चाचांनी काठी हलवली नाही. तेवढ्याच उंचीवर, तशीच धरून ठेवली.

ती तानूबाईंच्या हनुवटीला टेकली होती.

बाहेर कोंबडी अंगण उकरत होती, तेवढाच आवाज.

"पाणी आलं तेव्हा तुम्ही..." सारंगनं कसंबसं विचारलं.

"माळ्यावर हुतो की. मी आन् आमचं धनी. त्यांचं अंग लुळं पडल्यालं. शेजारच्या पोरांनी त्यानला वर चढवलं आन् ती पोरं आपली माणसं काढाया गेली. दोन रात्री, एक दिस बसलो. म्या भाकरीचं पीठ कोरडंच खाल्लं. धन्यानला गिळता येत न्हवतं."

"बोट नाही आली?"

"आली तिसऱ्या दिशी. चांगली हुती पोरं. म्हनाली, म्हातारे, तुमच्या गावाचं नावच न्हवतं आमच्या कागदावर." तानूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "धनी त्याच थंडीत गेलं. पान्यानं न्हाई गेलं बरं का. खोकल्यानं गेलं."

त्या चहा टाकायला आत गेल्या.

"त्या रात्री पट्टीवर मी हुतो," चाचा हळू आवाजात म्हणाले. "साडेएकुणचाळीस वाचलं. डोळा पाण्याच्या रेषेत आणून वाचलं. एका बोटाची चूक न्हाई. आन् वहीत पुढच्या रकान्यात लिहिलं, 'धोका नाही'. तसंच लिहायचं असतं. चाळीसच्या खाली हुतं ना..."

सारंगनं त्यांच्याकडे बघितलं. चाचा भिंतीवरच्या रेघेकडे बघत होते.

त्यानं खिशातून टेप काढला, खाली बसला आणि जमिनीपासून रेघेपर्यंत मोजलं. साडेतीन फूट. साडेएकोणचाळीसातून साडेतीन गेले. तानूबाईंच्या घरात पाणी छत्तीस फुटांना शिरतं.

आणि आपली अट चाळीसची.

*

चहा घेऊन ते ओट्यावर परत आले, तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सारंगनं घाईघाईनं लॅपटॉप उघडला.

"एका मिनिटाचं काम आहे, चाचा. अटीतला आकडा एकाच चौकटीत आहे. चाळीस खोडायचं, छत्तीस लिहायचं."

त्यानं लिहिलं.

आलेख एकदम पेटल्यासारखा झाला. एकोणिसातले सतरा दांडे लाल.

सारंग बघतच राहिला. सतरा गावं लाल आणि बोटी चार. परवा हा कागद पुढं ठेवला तर इंजिनिअर हसतील. प्रांत मॅडम विचारतील, मग आधी कुठं जायचं? सगळंच लाल झाल्यावर त्या लालाला अर्थ काय राहिला?

त्यानं पुन्हा चाळीस केलं. बेलथळ करडं झालं. तानूबाई करड्यात गेल्या.

पुन्हा छत्तीस केलं. पुन्हा चाळीस.

"चाचा, मग अट काय घालू?"

चाचा ओट्यावरची पानं झाडत होते.

"अडतीस घालू का? मधला आकडा?"

झाडू थांबला.

"मधल्या आकड्याला कोण राहतं?"



"सांगा ना, चाचा. तुम्हाला ठाऊक आहे. चौतीस वर्षं मोजलंय तुम्ही."

"मी पट्टी मोजली. घरं न्हाई मोजली." चाचांनी झाडू भिंतीला टेकवला. "तुझ्याकडं गाडी हाय ना?"

"मोटारसायकल आहे."

"दिवस किती हाय?"

"आजची संध्याकाळ आणि उद्याचा दिवस."

"गावं किती?"

"एकोणीस. बेलथळ झालं. अठरा राहिली."

सारंगनं लॅपटॉप पिशवीत कोंबला, टेप वरच्या खिशात ठेवला आणि गाडीला किक मारली.

*

त्या संध्याकाळी चार गावं झाली आणि दुसऱ्या दिवशी चौदा.

प्रत्येक गावात त्यानं एकच प्रश्न विचारला. "पाणी चढायला लागलं, की पहिल्यांदा कुणाच्या उंबऱ्याला लागतं?"

सुरुवातीला तो ग्रामपंचायतीत विचारायचा. तिथं लोक नकाशा काढायचे आणि वाद घालायचे. तिसऱ्या गावापासून त्यानं ते सोडलं आणि घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारायला लागला. त्या हातातलं धुणं न थांबवता सांगायच्या. "त्यो बघ, तिकडं चिंचेखाली. लोहाराच्या यमुनाचं घर."

मग तो तिथं जायचा, भिंतीवरची जुनी खूण शोधायचा, बसून मोजायचा. खूण नसली, तर माणसं आपल्या अंगावर हात ठेवून दाखवायची. कुणी गुडघ्याला, कुणी छातीला. एका गावात एका बापानं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिथंच ठेवला. सारंगनं त्या हाताखालची उंची मोजली आणि लिहून घेतली.

एक गोष्ट त्याच्या ध्यानीमनी नव्हती. हरणथळचा दांडा त्याच्या आलेखात सगळ्यात उंच होता, त्रेचाळीस फूट, लालभडक. तिथं जाऊन बघतो तर नदीकाठी नुसती पडक्या घरांची जोती आणि एक देऊळ. सगळं गाव बारा वर्षांपूर्वीच माळावर उठून गेलं होतं. दरवर्षी पहिली बोट मात्र हरणथळला उभी राहत होती. बोटीवाले देवळाच्या पायरीवर बसून पत्ते खेळायचे, असं गुरवानं हसत सांगितलं.

सारंगला हसू आलं नाही. त्याला तानूबाईंचा माळा आठवला आणि कोरडं पीठ.

बैठकीच्या सकाळी त्यानं तक्त्यात एक नवा रकाना घातला: पहिला उंबरा किती फुटांवर आणि कुणाचा. आता सगळ्यांना मिळून एक अट नव्हती. प्रत्येक गावाचं पाणी त्याच गावाच्या आकड्याशी ताडून बघायचं. चढलेलं पाणी तिथल्या पहिल्या उंबऱ्याच्या दोन फूट वर गेलं असेल, तरच लाल. दोन फूट का? कारण तेवढ्या पाण्यात म्हाताऱ्या माणसाला उभं राहता येत नाही, हे अठरापैकी अकरा गावांत त्याला कुणी ना कुणी सांगितलं होतं.

सात दांडे लाल झाले. बेलथळ त्यात होतं. हरणथळ नव्हतं; तिथं राहता उंबराच उरला नव्हता.

बैठकीत एक ज्येष्ठ इंजिनिअर आलेख बघून खुर्चीत मागं रेलले. "धोक्याची पातळी चाळीस आहे. ती ठरलेली आहे. हे छत्तीस, सदतीस, साडेचौतीस... हे आकडे कुणाचे?"

दोन दिवसांपूर्वीचा सारंग असता, तर त्यानं युक्ती समजावून सांगितली असती. दोन दांडे, एकावर एक, वगैरे.

"छत्तीस तानूबाई कोळेकरांचा आहे, सर," तो म्हणाला. "बेलथळ, कोळ्यांची गल्ली, शेवटचं घर. साडेचौतीस यमुनाबाई लोहारांचा. सदतीस..."

"नावं काय वाचतोस? आकड्यांचा आधार सांग."

"आधार त्यांचा उंबरा आहे, सर."

खोलीत कुणीतरी खाकरलं. प्रांत मॅडमनी हात पुढं करून कागद मागितला. त्यांनी आलेख बाजूला ठेवला आणि मागचा तक्ता वाचायला घेतला. एकोणीस गावं, अठरा आकडे, अठरा नावं. त्या सावकाश वाचत होत्या. एका ओळीशी थांबल्या.

"हरणथळला कुणाचंच नाव नाही?"

"देवाचं आहे, मॅडम. तिथं खाली आता फक्त देऊळ आहे."

मॅडमनी पेन उघडलं. हरणथळची बोट खोडली आणि बेलथळ लिहिलं. बाकीच्या तीन बोटीही त्याच कागदावरून लागल्या. उठताना त्या म्हणाल्या, "बोट गेली की आधी या नावाच्या घरी जायचं. तसं आदेशात लिहा." आणि मग, दाराशी थांबून, "तुमचं नाव काय म्हणालात?"

"सारंग पाटणे."

त्या दिवशी कुणी त्याला कॉम्प्युटर म्हणालं नाही.

*

गुरुवारी तो दर्ग्यात गेला. हातात पेढ्यांचा पुडा होता आणि आलेखाची रंगीत प्रत. ती त्यानं मुद्दाम मोठ्या कागदावर काढून घेतली होती.

चाचांनी पुडा पीरासमोर ठेवला, एक पेढा फोडून अर्धा त्याला दिला, अर्धा आपण घेतला. तानूबाईंकडे तलाठी येऊन नाव लिहून गेल्याचं त्यांना आधीच कळलं होतं. ते ऐकून सारंगचा ऊर भरून आला. त्याला वाटलं, आता चाचा पाठीवर हात ठेवतील.

चाचांनी चष्मा लावला. कागद ओट्यावर पसरला, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले. मग खूप वेळ बघत राहिले.

"सात लाल," सारंग म्हणाला. "चुकून लाल झालेलं एकही नाही. प्रत्येक घर मी स्वतः मोजलंय."

"हं..."

"मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या तालुक्यांनीही असंच करावं."

"चांगली बाई हाय."

चाचांचं बोट लाल दांड्यांवरून गेलं. ते कुठंच थांबलं नाही.

"चाचा... आता बरोबर आहे ना?"

चाचांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. पुन्हा लावला. त्यांचा चेहरा मायेनं भरला होता आणि त्याच मायेनं त्यांनी कागद फिरवून सारंगच्या पुढ्यात सरकवला.

"लाल गावं आता साऱ्यांना दिसतात, बाळा. तू मला करडी वाचून दाखव."